धूर शेजारच्या राज्याचा, खोकला आमचा

चंद्रपूरचा माझा मामेभाऊ घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठणकावून सांगतो की प्रदूषणाच्या नियमांनी उद्योग मरतात, अमेरिकेत बघा केवढी मोकळीक! मी कनेक्टिकटमध्ये राहते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

इथे उन्हाळ्यात आकाश निळंशार असतं आणि तरी निरोप येतो: आज हवेत ओझोन (श्वासाला त्रास देणारा वायू) जास्त, मुलांचा सॉकरचा सराव सकाळीच आटपा. ओझोन थेट चिमणीतून निघत नाही. वीजकेंद्रं, सिमेंटच्या भट्ट्या आणि गाड्यांमधले नायट्रोजन ऑक्साइड, त्यात पेट्रोल-रंगांच्या वाफा, वरून कडक ऊन. तो वाटेतच शिजतो. त्यामुळे आमच्या राज्याने स्वतःचे कारखाने कितीही आवळले तरी भागत नाही. वारा पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, न्यूयॉर्कवरून येतो.

म्हणून इथल्या कायद्यात शेजाऱ्याला जाब विचारायची सोय आहे. 1998 च्या नियमाने 22 राज्यांना नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला लावले. वीजकेंद्रांचं प्रदूषण खूप उतरलं, दिवे काही गेले नाहीत. रामराज्य मात्र नाही. धुरात अमोनिया सोडून हे वायू मोडणारी यंत्रणा बसवलेली, पण धूर सोडायचे विकत मिळणारे परवाने स्वस्त झाले म्हणून ती बंदच ठेवायची, असेही प्रकार झाले. कनेक्टिकटने 2016 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ब्रुनर आयलंड वीजकेंद्राविरुद्ध अर्ज केला. 2018 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेने तो फेटाळला. शेजारच्या राज्यांत जाणारा धूर रोखायच्या 2023 च्या योजनेत 23 राज्यं होती, पोलाद, काच, कागद, सिमेंटही आले. जून 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी तिला स्थगिती दिली.

म्हणजे इथे कोर्टात अडतं, आपल्याकडे मुदतवाढीत आणि सवलतीत. कोळशावरच्या वीजकेंद्रांसाठी डिसेंबर 2015 मध्ये नियम आले. 2016 अखेरपर्यंतच्या बऱ्याच संचांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा दर घनमीटर धुरात 300 मिलिग्रॅम होती, ती 2020 मध्ये 450 केली. (मर्यादा झेपत नसेल तर मर्यादाच वाढवायची, हा उपाय मला भारी आवडतो.) दिल्लीच्या आजूबाजूच्या राज्यांसाठी निदान एक आयोग तरी आहे. चंद्रपूरचा धूर तेलंगणात गेला तर कुणी कुणाला विचारायचं?

भाऊ म्हणतो, आधी धुळीचं बघा. बघाच की. पण ओझोनलाही 2009 पासून आपल्याकडे मर्यादा आहे, आठ तासांच्या सरासरीला दर घनमीटर हवेत 100 मायक्रोग्रॅम. ती ओलांडली तर दुसऱ्या दिवशी कुठल्या कारखान्याने नेमकं काय करायचं, हे सांगणारा नियम ग्रुपवर टाक, असं मी त्याला लिहिलंय.