दोन मिनिटांच्या स्टेशनावर घर कसं चढवावं

पहिली गोष्ट, काट्याच्या वाटेला जाऊ नका. कापूस विकताना काटा बघावा, तूर विकताना तर दोनदा बघावा. पण डोंबिवलीच्या लेकाकडे न्यायच्या सामानाला काटा लावणं म्हणजे त्याच्या आईच्या मायेवर शंका घेणं. स्लीपरच्या तिकिटावर माणशी 40 किलो सामान फुकट नेता येतं, पाच ते बारा वर्षांच्या पोरासाठी त्याच्या निम्मं, असा रेल्वेचा नियम आहे. नियमाचा मान राखावा, म्हणजे तो कुठे लिहिलाय हे विचारत फिरू नये. पेटीचं मापही ठरलेलं आहे : लांबी 100 सेंटिमीटर, रुंदी 60, उंची 25. ज्या साहेबानं हे माप काढलं, त्यानं आमच्याकडची नव्या कापसाची गादी पाहिलेली नव्हती. ती दोरीनं कितीही आवळली तरी 25 सेंटिमीटरांत बसत नाही, आणि बसलीच तर पिंजाऱ्यानं कापूस मारला असं समजावं.

नियमात पुढेही बरंच आहे. 40 च्या वरचं सामान आधी वजन करून, पैसे भरून सोबत नेता येतं, स्लीपरमध्ये एकूण 80 किलोपर्यंत. त्याहून जास्त असेल तर ते गाडीच्या सामानाच्या डब्यात टाकायचं. म्हणजे पार्सलच्या खिडकीशी जायचं, नगावर नाव-गाव लिहायचं, पावती घ्यायची. आता सांगा, ज्यात घरचे सांडगे आहेत तो डबा तुम्ही तिकडे गार्डाशेजारी एकटा झोपवाल? न नोंदवलेलं सामान सापडलं तर भाड्याच्या सहापट वसूल करतात, हेही खरं. पण त्यासाठी टीसीला तुमच्यापर्यंत पोचावं लागतं, आणि सामान नीट रचलं असेल तर तो पोचत नाही.

कुणी फारच कायदा शिकवायला लागला तर त्याला इतिहास शिकवा. 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली, ती काही आपल्याला मावशीकडे जाता यावं म्हणून नव्हे. इंग्रजाला वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात हवा होता. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी आपली शकुंतला गाडी, तिचे अरुंद रूळही कापसासाठीच टाकलेले. म्हणजे इथल्या रुळांवर पहिला हक्क गाठोड्याचा. माणूस मागाहून चढला, तोही गाठोड्याच्या सोबतीला. शकुंतला थांबली, कापूस ट्रकनं जाऊ लागला, आणि ही परंपरा टिकवायची जबाबदारी विदर्भ एक्सप्रेसच्या स्लीपर डब्यावर, म्हणजे तुमच्यावर आली.

न्यायचं काय, यावर डोकं शिणवू नका. घरात जे आहे ते न्यायचं. तुरीच्या डाळीच्या दोन चुंगड्या, गव्हाचा कट्टा, जवसाची चटणी, कुरड्या-पापडांचा पत्र्याचा डबा, तेलाचा 15 किलोचा डबा, लोणच्याची बरणी. भंडारा-गोंदियाकडचे असाल तर तांदळाचा कट्टा आलाच. वरुड-मोर्शीचे असाल तर संत्र्यांचं खोकं. त्याच्या तळाशी एखादं संत्रं नासकं असलेलं बरं, म्हणजे मनमाड येईस्तोवर सगळ्या डब्याला तुमचा तालुका कळतो.

सगळ्यांत वरचा मान कूलरचा. मे महिन्यात सूनबाई फोनवर सहज म्हणाली, "इकडे फार उकडतंय," की माळ्यावरचा लोखंडी कूलर खाली घ्यायचा, तिन्ही बाजूंनी लाकडाच्या तासांचं नवं वुडवूल भरायचं आणि तिकीट काढायचं. कूलर गार करतो तो हवा कोरडी असेल तर. अकोल्याच्या 45 अंशांत तो देव आहे. डोंबिवलीच्या दमट हवेत तो खोलीभर ओल पसरवणारा पंखा आहे. हे सुनेला माहीत आहे, लेकाला माहीत आहे, खरं म्हणजे तुम्हालाही माहीत आहे. पण आता वुडवूल भरून झालंय.

(गॅसचं सिलिंडर, रॉकेल, फटाके मात्र खरोखर नेऊ नका. रिकामं सिलिंडरही चालत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम 164 खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय डबा पेटला तर पळायला दार लागतं, आणि दाराशी तुमची गादी उभी असेल.)

आता चढणं. धामणगाव, पुलगाव, मूर्तिजापूर, अशा ठिकाणी गाडी जेमतेम दोनेक मिनिटं थांबते. मुंबईकर माणूस एवढ्या वेळात चढून, बसून, पेपर उघडतो. तुम्हाला एवढ्यात एक संसार हलवायचा आहे, तेव्हा माणसं हवीत. पोचवायला किमान आठ जण आणा, त्यांतले दोघं तरी असे असावेत की ज्यांना आपला डबा कुठे लागतो ते पक्कं माहीत असतं आणि दोघांचं मत वेगळं असतं. म्हणजे निम्मं सामान इंजिनाच्या बाजूला आणि निम्मं शेवटच्या टोकाला राहतं, आणि गाडी दिसली की दोन्ही तुकड्या एकमेकींच्या दिशेनं धावतात. मधे जो चहावाला सापडतो त्याचं नशीब.

दारातून चढवणं हा कमकुवत मनाच्या लोकांचा मार्ग. डब्याला आपत्कालीन खिडकी असते, लाल रंगाची, जिचे गज वर सरकतात. अपघात झाल्यावर माणसांनी बाहेर पडावं म्हणून ती ठेवलेली आहे. अपघात आत ढकलायलाही ती तितकीच सोयीची. खिडकीशी बसलेल्या बाईंना फक्त एवढंच म्हणायचं, "मावशी, थोडसं बाजूले होता का जी?" आणि त्या बाजूला होण्याआधी कट्टा सोडायचा. सामान लावायला आत गेलेले काका गाडी सुटली तरी आतच असतात. साखळी ओढू नका. विनाकारण साखळी ओढणाऱ्याला दंड होतो, कैदही होऊ शकते, आणि तुमच्याकडे जे कारण आहे ते कोर्टात सांगण्यासारखं नाही. काकांना बडनेऱ्यापर्यंत येऊ द्या. तोवर ते कट्टे रचतील. विनातिकीट सापडले तर ओळख देऊ नका.

आतली सगळी विद्या एका वाक्यात आहे, आणि ते वाक्य तुम्हाला बोलावंही लागत नाही, समोरचा तुमच्याकडून ते काढून घेतो. खालच्या बर्थवर अमरावतीला जाऊन-येऊन असलेले एखादे रिटायर्ड गुरुजी असतात. त्यांच्या पायांच्या जागी तुम्ही चुंगडी सरकवता. ते चिडतात.

"काय हाय हो इच्यात? पाय कुठी ठेवू मी?"

"काई नाई जी. तुरीची दाळ हाय. घरची."

"घरची" म्हटलं की झालं. विकतच्या डाळीला कुणी पाय वर घेत नाही; घरच्या डाळीसाठी गुरुजी मांडी घालून बसतात. मग विचारतात, औंदा किती झाली, भाव काय भेटला, बोंडअळीनं कपाशीचं काय केलं. बडनेरा येईस्तोवर त्यांच्या चपला कुठल्या कट्ट्याखाली गेल्या हे ते विसरतात. रात्री आठवतं, पण तेव्हा तुम्ही झोपलेले असता.

हे वाक्य कूलरला लागू पडत नाही. "घरचा हाय" म्हटलं तरी लोक बघतच राहतात. म्हणून कूलर दोन डब्यांमधल्या जोडाच्या अलीकडे, संडासाच्या दाराजवळ उभा करावा. ज्याला जायचं असेल तो येईल आणि अंग चोरून जाईल. ज्याला फार घाईची लागली असेल तो स्वतःच कूलर हलवेल, आणि मग कूलर त्याच्या जबाबदारीवर.

डब्यात एक तरणा पोरगा असतोच. पाठीवर एक बॅग, कानात वायर, बर्थखालची जागा रिकामी. या माणसाला रेल्वेनं तुमच्यासाठी पाठवलेलं आहे. जो 40 किलोंचा हक्क असून चार किलोंवर प्रवास करतो, त्याचे उरलेले 36 वाया जाऊ देणं पाप आहे. ते तुम्ही वापरा. त्याच्या बर्थखालच्या कड्यांना आपली साखळी बांधा, कुलूप लावा आणि किल्लीची काळजी त्याला करायला सांगा.

तो कुरकुरला आणि कमी सामानाचं कौतुक सांगू लागला, तर वर्ध्याकडचा असण्याची शक्यता आहे. तिकडे 1936 मध्ये एक म्हातारा सेवाग्रामात येऊन राहिला, तिसऱ्या वर्गानं देशभर फिरला, आणि त्याच्या वापरातलं किडुकमिडुक आजही आश्रमात लोक रांगेनं बघतात. तेवढ्यात एक पिशवी भरेल की नाही शंका आहे. पण त्याची सून डोंबिवलीला नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवं.

रात्री दहा वाजता मधल्या बर्थवाला उठून उभा राहतो. दहा ते सहा हा झोपायचा वेळ, तेवढ्यात मधला बर्थ उघडायचा त्याला अधिकार आहे. उघडू द्या. फक्त त्याआधी गादीची गुंडाळी खालच्या सीटवर उभी करून ठेवा, म्हणजे बर्थ वर येत नाही. त्यानं हात लावायच्या आत म्हणा, "कापूस नवा हाय जी, दाबू नका." यावर त्याला उत्तर सुचत नाही. शेगावला माउलीच्या दर्शनाला गेलेली मंडळी परतीला चढतात, तीही दमलेली, पण हातात प्रसादाची एक पिशवी. त्यांना चालायच्या वाटेवरच्या कट्ट्यांवर बसायला सांगा. एवढ्या गर्दीत बसायला जागा दिल्याबद्दल ते तुमचे आभार मानतील, आणि मी हे गमतीनं म्हणत नाही. लोक खरंच इतके साधे आहेत, म्हणून तर हे सगळं चालतं.

जेवणाबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. डबा उघडा, ठेचा सगळ्यांना द्या, गुरुजींना आधी.

उतरायची तयारी इगतपुरीला सुरू करावी. कल्याण अजून बरंच लांब असतं, बाहेर काळोख असतो, सगळा डबा गाढ झोपेत असतो. दिवा लावा. एक-एक नग ओढत दाराशी न्या, आणि प्रत्येक नग ओढताना हलक्या आवाजात "आस्ते, आस्ते" म्हणा, म्हणजे जागा झालेल्या माणसाला तुम्ही काळजी घेत होता हे ऐकू जातं. घाटात गाडी हेलकावते तेव्हा तेलाच्या डब्याचं झाकण ढिलं होतं. याचा डाग ज्याच्या चादरीवर पडेल त्याला सांगा की तेल घाण्याचं आहे, शुद्ध आहे.

कल्याणला लेक घ्यायला आलेला नसतो. त्याला तुम्ही "एकच बॅग हाय, येतो आमी" असं सांगितलेलं असतं. म्हणून त्या तरण्या पोराला उठवा. त्याला दादरपर्यंत झोपायचं होतं, पण आता तसाही तो जागा आहे. त्याच्या हातून कट्टे खाली घ्या, गादी घ्या, कूलर घ्या, आणि मनापासून म्हणा, "येजा बाप्पा एखाद्या दिवशी धामणगावले." मग प्लॅटफॉर्मवर नग मोजा. एक नक्की कमी भरतो, बहुधा लोणच्याची बरणी, आणि तोवर गाडी हललेली असते. आता खिडकीमागून धावत "ओ भाऊ, ओ भाऊ" ओरडून उपयोग नाही, त्या डब्यात सगळेच भाऊ आहेत. त्या पोराचं नाव आदल्या रात्रीच विचारून ठेवायचं असतं.