सर्फबोर्डसाठी सागाची अखंड फळी घेऊ नका

"घरी सर्फबोर्ड करायचा तर अखंड सागाची फळी घ्या. साग कुजत नाही, त्यामुळे इपॉक्सी-काचकापडाचा खर्च वाया, जवसाचं तेल पुरे. पोकळ बोर्ड फुटतात. हवाईचे लोक तरी कुठे पोकळ बोर्ड वापरत होते?" असा मजकूर सोलापुरातल्या बऱ्याच सुतारांच्या फोनवर आलाय. (सर्फबोर्ड म्हणजे समुद्राच्या लाटेवर उभं राहून घसरत जायची फळी. इपॉक्सी म्हणजे दोन द्रव मिसळले की कडक होणारी राळ, काचकापड म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड.) मालवणला न्यायला बोर्ड करू पाहणारी दोन पोरं परवा तोच दाखवत माझ्याकडे आली, सागाचा भाव काढूनच. त्यांचे पैसे पाण्यात जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी वजन. शिकाऊ माणसाच्या नऊ फुटी बोर्डाचं घनमान साधारण ७० लिटर, म्हणजे अडीच घनफूट. वाळलेला साग घनफुटाला १८ किलोच्या आसपास भरतो. झाले ४५ किलो. ७० लिटरचा बोर्ड पाण्यात जेमतेम ७० किलो उचलतो, त्यातले ४५ फळीच खाते. तुमच्यासाठी उरले २५. आणि हे धूड लाटेत हातून सुटून कुणाच्या डोक्यावर गेलं तर? पोकळ बोर्ड १२ ते १५ किलोंत बसतो.

हवाईचा दाखला अर्धाच दिलाय. तिथे अखंड फळ्या होत्या, खरंय. पण सरदारांच्या लांबलचक 'ओलो' बोर्डांसाठी विलीविलीचं लाकूड पसंत केलं जायचं, आणि विलीविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा भाऊबंद, त्याच एरिथ्रिना वंशातला. हलका, मऊ. तरीही मोठ्या फळ्या जडच व्हायच्या. म्हणून तर टॉम ब्लेक या अमेरिकी सर्फरने पोकळ बोर्ड घडवला आणि १९३२ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. (पांगारा घ्या असं मी म्हणत नाही, त्याला कीड आणि बुरशी पटकन धरते. पोकळ बोर्डावरच्या पट्ट्यांसाठी मी शिवणीचं लाकूड घेतो.)

साग कुजत नाही, हे दाराच्या चौकटीला लागू. बोर्डाला खरा त्रास फुगण्या-आकसण्याचा. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड पार कोरडं पडतं. तेच समुद्राच्या दमट हवेत नेलं की फुगतं, परत आणलं की आकसतं, पीळ खातं. तेलाने हे थांबत नाही. त्याला बाहेरून काचकापड आणि इपॉक्सीच हवं, वर उन्हापासून वाचवणारं व्हार्निश. सागाची एखादी पट्टी शोभेला घालायची असेल तर चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसून बघा. फडकं पिवळट-तपकिरी होतं. ती त्याची तेलकटी, ती राहिली तर इपॉक्सी धरत नाही.

इपॉक्सी लावायची वेळही सांभाळा. पहिल्या बोर्डाला मी सकाळी दहाला इपॉक्सी लावायला घेतली. ऊन चढलं तशी लाकडातली हवा बाहेर यायला लागली आणि अख्ख्या पाठीवर मोहरीएवढे बुडबुडे उठले. दोन दिवस घासत बसलो. आता संध्याकाळी, पारा उतरायला लागला की हात लावतो. लाकूड गार होताना इपॉक्सी आत ओढून घेतं.

राहिलं 'पोकळ बोर्ड फुटतात'. फुटतात, पण हवा सुटायला भोक न ठेवलेले. आत ६ मिलिमीटरच्या मरीन प्लायचा, आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा, माशाच्या काट्यासारखा सांगाडा असतो: मधे कणा, दोन्हीकडे बरगड्या. प्रत्येक बरगडीला भोकं पाडायची, म्हणजे हवा एका खणातून दुसऱ्यात फिरते. वर ५-६ मिलिमीटरच्या पट्ट्या. २५ अंशांना बंद केलेली हवा उन्हातल्या गाडीत ६० अंशांवर गेली, तर दाब १२ टक्क्यांच्या आसपास वाढतो, म्हणजे दर चौरस फुटाला शंभर किलोहून जास्त जोर. सांधा उकलणारच. म्हणून वरच्या बाजूला भोक ठेवून त्यात रबरी वायसरचा पितळी स्क्रू बसवतात. पाण्यात जाताना घट्ट, बाहेर आल्यावर सैल. गेल्या उन्हाळ्यात अंगणात ठेवलेल्या बोर्डाचा स्क्रू फिरवला, तर सायकलच्या ट्यूबसारखी फुस्स करून हवा सुटली. त्या पोरांना मी तो स्क्रू हातात दिला आणि दोन वायसर जास्तीचे घ्यायला सांगितले.