वाढत्या अंगाचा कॉम्प्युटर

लहानपणी माझा एकही कपडा माझ्या मापाचा नव्हता. जूनमध्ये शिवलेली शाळेची पँट 'वाढत्या अंगाची' असे आणि ती कमरेला नीट बसेपर्यंत गुडघ्यावर विरलेली असे. गावाकडच्या घराच्या गच्चीवर वडिलांनी 1987 साली वरच्या मजल्यासाठी सळया सोडून ठेवल्या. त्यांना आज कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली आहे. अशा घरातल्या माणसाला मुलगा म्हणाला, "बाबा, पन्नास हजारांत गेमिंग पीसी होतो, आणि पुढे वाढवताही येतो." यातलं फक्त शेवटचं माझ्या कानात शिरलं.

ही 2025च्या जुलैतली गोष्ट. चिरंजीवांनी वहीत सगळी मांडणी करून ठेवली होती. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रं पडद्यावर काढणारा भाग, नाहीच. प्रोसेसर रायझन 5 8600जी, कारण त्याच्या पोटातच ग्राफिक्स असतं. कार्ड दोन वर्षांनी घ्यायचं. बोर्ड एएम5 सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा), कारण एएमडी कंपनीने तो 2027पर्यंत तरी चालवायचा शब्द दिलाय. आधीचा एएम4 2016 साली आला आणि 2024मध्येही त्याच्यासाठी नवे प्रोसेसर निघत होते. आमच्याकडे मिक्सरसुद्धा इतका टिकत नाही. पॉवर सप्लाय मात्र 650 वॅटचा. प्रोसेसर जेमतेम 65 वॅटचा, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढा. पाच माणसांच्या साखरपुड्याला पाचशेचा हॉल घेतल्यासारखं झालं हे. पण कार्ड येईल तेव्हा वऱ्हाड येईल, असं मला सांगण्यात आलं. सळया सोडायच्या त्या अशा! मला पटलं.

डोंबिवलीहून आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने पत्ता विचारणारा माणूस बाहेरगावचा हे दुकानदार लगेच ओळखतात. दुकान एवढं होतं की दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्याने फुटपाथवरून बोलायचं. "बजेट बोला अंकल." मी चाळीस म्हणालो. घासाघीस करायला थोडी जागा नको? "पन्नास ना बाबा?" चिरंजीव म्हणाले. माझ्या पोटचा गोळा!

खरी अडचण रॅमपाशी, म्हणजे कॉम्प्युटरच्या चालू कामाच्या मेमरीपाशी आली. बोर्डावर रॅमच्या जागा दोनच. मुलाला आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक हव्या होत्या. मी म्हटलं, दोन्ही जागा भरल्यास मग पुढे वाढवणार कुठे, माळ्यावर? सोळाची एकच घे, दुसरी जागा मोकळी ठेव. दुकानदार म्हणाला, "अंकल, सोळाच्याच दोन घेऊन टाका. बेचाळीसशेला एक." मी अनुभवी माणसासारखा हसलो. रॅम दरवर्षी स्वस्तच होते, हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे.

परत येताना संध्याकाळचे सहा वाजले होते. काचेची बाजू असलेलं कॅबिनेट उराशी धरून दादरचा पूल चढायचा अनुभव मी शत्रूलाही देणार नाही. शेवटी लोकलच्या मालडब्यात घुसलो. शेजारी रिकाम्या पाट्या घेऊन बसलेल्या कोळीणबाईंनी खोक्यावरचं चित्र निरखलं.

"काच कशाला याला?"

"आत दिवे लागतात मावशी, ते दिसायला."

"फ्रिजमदी पन लागतो दिवा. त्याला कुठं काच लावत्यात?"

ठाणं आलं तरी मला उत्तर सुचलं नव्हतं.

रविवारी जेवणाच्या टेबलावर जोडणी झाली. एएम5ला पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटात असतात. 1718, एकाहून एक नाजूक. त्यातली एक वाकली तर बोर्ड गेला. प्रोसेसर अलगद ठेवून चिरंजीवांनी वरची दांडी दाबली, तर असा कर्रकन आवाज आला की मी डोळे मिटले. आवाज तसाच येतो म्हणे. त्याच झटक्यात सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण टणकन उडालं आणि आई गवार मोडत होती त्या ताटात जाऊन पडलं. आईने ते निवडून बाजूला ठेवलं. पॉवर बटणाच्या इवल्या वायरी मला तीनदा चुकल्या, तेव्हा तिनेच चष्मा सावरून सुईत दोरा ओवावा तशा ओवल्या.

बटण दाबलं. पंखा फिरला, दिवे लागले, स्क्रीन काळीच. बोर्डावर 'डीरॅम' या अक्षरांशेजारी एक पिवळा ठिपका. मी अर्ध्या मिनिटात बंद केलं. पुन्हा चालू, पुन्हा काळं. असं पाच वेळा झालं. बेचाळीस हजार आठशेचं पाणी झालं, असं मी मोठ्याने म्हटलंही. तोवर मुलाने मोबाइलवर शोधलं. डीडीआर5 जातीची रॅम पहिल्यांदा लावली की बोर्ड तिची ओळख करून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात, आणि मी दर वेळी बंद करून त्याला पुन्हा श्रीगणेशा गिरवायला लावत होतो.

"कुकर दर मिनिटाला उघडलास तर भात शिजेल का?" आई म्हणाली.

आम्ही चहा ठेवला. चहाला उकळी यायला आणि स्क्रीन उजळायला एक गाठ पडली.

गेम चालू झाला, पण त्यातला शूरवीर गुडघे दुखत असल्यासारखा पळायचा. कारण असं, की पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमचीच वापरतं. दोन स्टिक असल्या की मेमरीपर्यंतचा रस्ता दुप्पट रुंद. मी पुढची सोय म्हणून आत्ताचा रस्ता अर्धा केला होता. "दिवाळीला दुसरी घेऊ," मी म्हणालो. "तेव्हा अजून उतरेल."

आणि वर्ष सरता सरता रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटासेंटरांची भूकच एवढी, की मेमरीचे कारखाने आधी त्यांची पानं वाढतात, मग आपली. जगात कुणीतरी कॉम्प्युटरकडून बॉसला पाठवायचा माफीचा मेल लिहून घेतंय आणि डोंबिवलीत आमचा शूरवीर लंगडतोय.

जानेवारीत मी धीर करून त्याच दुकानदाराला फोन लावला. सोळाची स्टिक आता केवढ्याला? "चौदा हजार, अंकल. आज घ्यायची असेल तर." मी गप्प. पलीकडे तोही क्षणभर गप्प. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्याकडची विकायचीय का? आठ देतो."

हे मी घरी सांगितलं. चिरंजीव उठले आणि कॅबिनेटला पाठ लावून बसले. आईने गवारीचं ताट पुढे ओढलं.

"मेल्या, मग तेव्हाच दोन घ्यायच्या होत्यास."