‘पुण्याचा पेनीक्विक’ या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. केरळातलं मुल्लपेरियार धरण बांधणाऱ्या कर्नल जॉन पेनीक्विकच्या घराण्यावर मी लिहिलं, त्यावर तुमच्या दोन तक्रारी आहेत. ‘पुण्याचा’ म्हणून मी एका साहेबाला आपल्यात ओढलं, ही पहिली. दुसरी तुमच्याच शब्दांत: ‘साहेबाच्या बापाचं, भावाचं, मुलाचं सगळं तुम्हाला ठाऊक, ज्यांनी पाट्या वाहिल्या त्यांच्यावर एक ओळ नाही.’ दुसरी जास्त लागली. पण आधी पहिलीचं बोलतो.

पेनीक्विक १५ जानेवारी १८४१ रोजी पुण्यात जन्मला, कारण त्याचा बाप लष्करात होता. १८३९ मध्ये अफगाणिस्तानातलं गझनी आणि बलुचिस्तानातलं कलात ही ठाणी घेणाऱ्या इंग्रज फौजेत तो होता. पुढे दहा वर्षांनी तोच बाप ब्रिगेडियर म्हणून पंजाबात शिखांविरुद्ध उतरला. १३ जानेवारी १८४९ ला चिलियनवालाच्या लढाईत झाडीतून थेट तोफांवर चाल करताना तो पडला. त्याच पलटणीत असलेला त्याचा सतरा वर्षांचा मुलगा अलेक्झांडर बापाच्या मृतदेहापाशीच मारला गेला. दोन दिवसांनी जॉन आठ वर्षांचा होणार होता.

हे सविस्तर लिहिलं ते साहेबाबद्दल कुणाला कळवळा यावा म्हणून नाही. त्या घरावर कोसळलेलं दुःख खरं होतं, आणि ते दुसऱ्याचा मुलूख घ्यायला गेले होते हेही खरं. बाप आणि एक मुलगा पंजाबात पडले, दुसरा मद्रास इलाख्यात इंजिनिअर झाला, आणखी एक सिलोनच्या सरकारी नोकरीत शिरला. आपल्याकडे वतन जसं बापाकडून लेकाकडे जाई, तसं या घराण्यांत साम्राज्य चालत होतं. इंग्रजी राज्य म्हणजे रोजच्या व्यवहारात काय होतं, ते मला अशा एका घराकडे बघून जास्त कळतं. पण हे सांगायचं होतं तर शीर्षकात ‘पुण्याचा’ हा कौतुकाचा शब्द नको होता. तो माझा मोह. तुमचं बरोबर आहे.

आता दुसरी तक्रार. तीही मान्य. धरण १८८७ ते १८९५ असं बांधलं गेलं. अरबी समुद्राकडे जाणारं पेरियारचं पाणी अडवायचं, डोंगर पोखरून बोगद्याने पूर्वेला वैगईच्या खोऱ्यात उतरवायचं आणि मदुरैकडचा कोरडा मुलूख भिजवायचा, अशी ती योजना. उंची १७६ फूट, बांधकाम चुना-सुरखीचं. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत भिंतीचा पोपडा निघाला की आतून जी लालसर भुकटी बोटांना लागते, ती हीच. आकडे मी दिले. पण ती वीट कोणी कुटली, पुराने तात्पुरते बांध पुन्हा पुन्हा वाहून नेले तेव्हा ते पुन्हा कोणी घातले, त्या जंगलातल्या तापाने कोण मेलं, यावर खरंच एक ओळ लिहिली नाही.

तुम्ही न दाखवलेली एक चूकही सांगतो. हे पाणी पूर्वेला वळवावं ही कल्पना इंग्रजांची नव्हेच. तमिळ मुलखातल्या रामनाडच्या राजाचे प्रधान मुत्तुइरुळप्पा पिळ्ळै यांनी ती अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडली होती. ते नाव लेखाच्या सुरुवातीलाच यायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम गाळली होती. तामिळनाडूतल्या कंबम गावात, एका चहाच्या दुकानात मुरुगनच्या तसबिरीशेजारी पेनीक्विकचा फोटो पाहिला. दोघांना सारखाच झेंडूचा हार. दुकानदाराने तिकडे सगळेच सांगतात ती गोष्ट सांगितली: सरकारने पैसा थांबवला, तेव्हा साहेबाने विलायतेतली मालमत्ता आणि बायकोचे दागिने विकून धरण पुरं केलं. मी त्याला खोडून काढलं नाही. त्याच्या भावाची भातशेती त्याच पाण्यावर आहे, आणि १८७६ ते ७८ चा दुष्काळ सोसलेल्या मुलखात ही कृतज्ञता मला परकी वाटत नाही.

पण त्या गोष्टीला कागदाचा आधार नाही. धरण मद्रास सरकारच्या पैशातून झालं. त्यासाठी त्रावणकोर संस्थानाची ८,००० एकर जमीन २९ ऑक्टोबर १८८६ च्या कराराने, एकरी ५ रुपये वार्षिक भाड्याने, ९९९ वर्षांसाठी घेतली. आणि सरकारचा पैसा म्हणजे रयतेने भरलेला सारा. दागिन्यांची गोष्ट रंगली की नेमका तो सारा भरणारा माणूस बाजूला पडतो. तुम्ही मजुरांबद्दल जे म्हणता, तेच मला या शेतकऱ्यांबद्दल वाटत होतं, म्हणून ती गोष्ट गाळली. गाळण्यापेक्षा ती देऊन तिच्याबद्दल हे सगळं लिहायला हवं होतं.

आज लेख दुरुस्त केला आहे. शीर्षकातला ‘पुण्याचा’ काढला, पिळ्ळै यांचं नाव पहिल्या परिच्छेदात आणलं, आणि चुना मळणाऱ्या, बांध घालणाऱ्या माणसांवर नवा भाग जोडला. चिलियनवालाचा बापलेकांचा प्रसंग मात्र तसाच ठेवला आहे.