खिशात हात न घालता संभाजीनगर

छत्रपती संभाजीनगर फुकटात बघायचं ठरवलं असेल तर निघण्याआधी एक फोन करा. हॉटेलला नाही, भाच्याला. सिडकोत, हडकोत, उस्मानपुऱ्यात तुमचा भाचा, साडू, मावसभाऊ असं कुणीतरी असतंच. ख्यालीखुशाली झाली की अगदी सहज विचारल्यासारखं विचारा, "पाण्याचा दिवस कधी आहे रं?"

हा प्रश्न विसरलात तर पुढचं सगळं मुसळ केरात. या शहरातले आठवडे सोमवार-मंगळवारनं चालत नाहीत. इथं एक पाण्याचा दिवस असतो आणि बाकीचे बिनपाण्याचे. पाण्याच्या दिवशीच पोचलात तर घरातलं कुणी तुमच्याकडं बघणार नाही. मोटार लावलेली, पाइप जिन्यावरून वर गेलेला, गच्चीवरून कुणीतरी "भरली का?" म्हणून ओरडतंय, आणि पिशवी खाली ठेवायच्या आत तुमच्या हातात बादली. बिनपाण्याच्या शेवटच्या दिवशी पोचलात तर त्याहून वाईट. वहिनी चहा देतील, हसून बोलतील, पण तुम्ही अंघोळीला शिरलात की त्यांचे कान बाथरूमच्या दाराला. आत तुम्ही अंगावर तांब्ये घेताय, बाहेर त्या मोजताहेत. म्हणून पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या सकाळी दारात उभं राहायचं. टाकी भरलेली असते, माणसांची मनंही जरा मोठी झालेली असतात.

यायचं लालपरीनं. पंचाहत्तरी गाठलेल्यांना एसटी २०२२ पासून फुकट आहे आणि बाईमाणसाला २०२३ पासून अर्धं तिकीट. सरकारनं एवढी सोय केल्यावर घरातल्या आजीला ओसरीवर बसवून ठेवणं बरं दिसत नाही. ती गुडघे दुखतात म्हणेल. तिला देवदर्शनाचं सांगा. तुमचं स्वतःचं तिकीट मात्र पूर्ण पडतं, ते आजीच्या कनवटीतून निघतं.

कुणी चिक्कू म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. हे गावच काटकसरीवर उभं आहे. शहाजहाननं आग्र्याला ताजवर तीन कोटींच्या वर रुपये घातले असं सांगतात. त्याच घरातल्या सुनेसाठी, दिलरस बानू बेगमेसाठी, इथं बीबी का मकबरा झाला, त्याचा खर्च ६ लाख ६८ हजार २०३ रुपये आणि ७ आणे असा नोंदलेला आहे. संगमरवर खाली कमरेइतका आणि वर घुमटाला, मधल्या भागावर गिलावा करून पांढरं. लांबून बघणाऱ्याला काय कळतंय! लोक तीनशे-साडेतीनशे वर्षं त्याला गरिबाचा ताज म्हणून नाक मुरडतात आणि तरी समोर उभं राहून फोटो काढतातच. माझा जीव मात्र त्या सात आण्यांवर आहे. सहा लाखांच्या हिशेबात सात आणे न विसरणारा कारकून आपल्यातलाच असणार, गेवराईकडचा किंवा परतूरचा.

अशा वास्तूला २५ रुपये देऊन आत जाणं म्हणजे बांधणाऱ्याच्या धोरणाचा अपमान. पंधरा वर्षांच्या आतल्या पोरांना तिकीट नाही. एक पोरगं बरोबर ठेवा, मिसरूड फुटलेलं असेल तर सकाळीच वस्तरा फिरवा, आणि मोबाइल देऊन आत पाठवा. तुम्ही बाहेर झाडाखाली बसा आणि व्हिडिओ कॉलवर मकबरा बघा. "जरा डावीकडं घे, जाळी दाखव, आजीला कबर दिसंना." आजीला तर असंही आतपर्यंत चालवलं नसतं. पोरगं नसेल तर मकबऱ्यामागच्या डोंगरातल्या लेण्यांकडच्या चढावर जा. तिथून सगळा मकबरा आणि मागचं शहर एका नजरेत येतं. फक्त लेण्यांची तिकीटखिडकी दिसायच्या आत मागं फिरायचं.

आता हिमरू. सोन्या-चांदीच्या तारेचं किमखाब परवडेना, तेव्हा सूत आणि रेशमात त्याच थाटाचं कापड विणायला घेतलं, ते हिमरू. म्हणजे इथंही तोच मकबऱ्याचा हिशेब. माग चालताना बघायला पैसे पडत नाहीत. खरी परीक्षा शेजारच्या खोलीत असते. तिथं पांढरी गादी, वर पंखा. "घ्यायलाच पाहिजे असं थोडंच आहे, बघा तर सही," म्हणत दुकानदार पहिली शाल उलगडतो. मग दुसरी. विसाव्या शालीपर्यंत चहा आलेला असतो आणि तुमच्यापुढं रंगांचा असा ढीग की उठायचं म्हटलं तर पाय कुठं ठेवावा कळत नाही. नवखा माणूस इथंच फसतो आणि लाजेकाजेनं एक मफलर घेऊन बाहेर पडतो. तुम्ही तसं करू नका. चहा शांतपणे संपवा. एक शाल उचला, उलटी करा, मागचे धागे बोटानं चाचपा आणि चेहरा गंभीर ठेवून म्हणा, "माल एक नंबर आहे. मंडळींना घेऊन येतो, रंग त्यांच्या पसंतीचा लागतो." मंडळी बरोबर असतील तर हे वाक्य चालत नाही. मग आजीला चक्कर येऊ द्यावी.

दौलताबादला किल्ल्यासाठी वेगळी वाट वाकडी करायची गरज नाही. वेरूळचा रस्ताच किल्ल्याच्या जुन्या वेशीतून जातो आणि त्या अरुंद कमानीत गाड्या अडकतात. अडकल्या की एसटीच्या खिडकीतून आख्खा डोंगर निवांत न्याहाळा. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीच्या लोकांना इथवर चालवत आणलं होतं, त्यांनाही तिकीट पडलं नव्हतं. आणि पुढं खुलताबादेत ज्याची साधी कबर आहे त्याचं नाव काढलं की हल्ली भांडणं होतात, म्हणून नाव घेत नाही. पण कफनाचा खर्च आपण टोप्या शिवून मिळवलेल्या ४ रुपये २ आण्यांतून करा, असं त्यानं लिहून ठेवल्याचं सांगतात. एवढा हिशेबी माणूस आपल्या सोसायटीच्या चेअरमनपदाला हवा होता.

शहरातले दरवाजे बघायला वेगळा वेळ काढू नका. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात, आता डझनभर उरलेत. त्यातल्या काहींखालून रिक्षा आणि पाण्याचे टँकर अजून जातात. टँकरच्या मागं मागं चालत राहिलात तर शहराचा चांगला फेरफटका होतो, आणि उन्हाळ्यात वर शिंतोडेही मिळतात.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर पाणचक्की बघाच. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणलं, उंच भिंतीवर चढवलं, तिथून खाली पाडलं आणि त्या जोरावर जातं फिरवलं. ना बैल, ना वीज, ना बिल. त्याच्याही आधी, १६१० च्या सुमाराला, मलिक अंबरानं खडकी नावाचं हे गाव वसवलं, तेव्हा नहर, म्हणजे जमिनीखालचा कालवा, खोदून डोंगराकडचं पाणी नुसत्या उतारानं घरापर्यंत आणलं. आज पाणी पैठणच्या नाथसागरातून पंपानं वर चढवून आणावं लागतं. नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, तेव्हा ती १६८० कोटींची होती, पुढं २७४० कोटींची झाली. या योजनेनं शहराच्या फुकट प्रेक्षणीय स्थळांत जेवढी भर घातली तेवढी निजामानंही घातली नसेल. पैठण रोडला २५०० मिलिमीटरचे पाइप पडले होते, आत उभं राहून हात वर केले तरी छताला टेकत नसत. सावली गार, आवाज घुमतो, तिकीट नाही. वेरूळला चौतीस लेणी आहेत म्हणून सांगतात. पैठण रोडला कुणी मोजली नाहीत.

दुपारी ऊन चढलं की मॉलमध्ये जाऊन बसा, गारव्याचं बिल कुणी मागत नाही. संध्याकाळी भाच्याकडं परत, जेवायच्या वेळेला. जाताना पोरांसाठी बिस्किटाचा पुडा न्यावा का, असा प्रश्न पडेल. एकदा नेला की पायंडा पडतो.

निघायच्या दिवशी आजीनं वहिनींचा हात हातात घेऊन "लई केलंस गं माय" म्हटलं की तिकडचा हिशेब फिटतो. धोका फक्त पिशवी उचलताना असतो. भाचा स्टँडवर सोडायला येईल आणि गाडीला किक मारता मारता म्हणेल, "मामा, यंदा थंडीत आम्ही सगळे हुरडा खायला येतो बरं का, ऑफिसातलेही चार-सहाजण आहेत." अशा वेळी आकाशाकडं बघा, सुस्कारा सोडा आणि सांगा, "ये की रं, तुझंच घर हाय. पण यंदा ज्वारी पेरलीच नाही बघ, सगळं रान सोयाबीनला घातलं."