‘अल्फेलियन’चा मेसेज आणि कवडशाची मोजपट्टी

पावसाळा आला की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: उद्या पहाटे 5.27 पासून ‘अल्फेलियन’ सुरू होतंय आणि ते 22 ऑगस्टपर्यंत चालेल. पृथ्वी सूर्यापासून फार लांब जाईल. एरवी हे अंतर 5 प्रकाश-मिनिटं, म्हणजे 9 कोटी किलोमीटर असतं, ते 15.2 कोटी होईल, म्हणजे 66 टक्के जास्त. ही घटना दिसणार नाही, पण जाणवेल. कधी नव्हे अशी थंडी पडेल, सर्दी, खोकला, ताप येईल, तेव्हा व्हिटॅमिन घ्या आणि घरच्यांना कळवा.

आधी शब्दाचं. ‘अल्फेलियन’ असं काही नसतं. शब्द आहे अ‍ॅफेलियन, मराठीत अपसूर्य, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेतला सूर्यापासून सर्वांत लांबचा बिंदू. सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू तो उपसूर्य.

‘एरवी 9 कोटी किलोमीटर, आता 15.2 कोटी’

यातला 15.2 कोटी हा आकडा खरा आहे, आणि गोंधळाचं मूळही तोच. कुणी शोधून पाहिलं तर तो जुळतो आणि बाकीचंही खरं असेल असं वाटून जातं. पण 9 कोटी हा आकडा कुठलाच नाही. पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर 14.96 कोटी किलोमीटर आहे आणि ते कापायला प्रकाशाला 8 मिनिटं 19 सेकंद लागतात. शुक्रच सूर्यापासून सुमारे 10.8 कोटी किलोमीटरवर आहे. म्हणजे या मेसेजने पृथ्वीला वर्षभर शुक्राच्या कक्षेच्याही आत नेऊन बसवलं आहे. तिथे ऊन आजच्या पावणेतीनपट असतं, मग सर्दीची काळजी करायला कोणी उरलं नसतं.

‘66 टक्के जास्त अंतर’

मेसेजचेच आकडे घेतले तरी 9 वरून 15.2 ही वाढ 69 टक्क्यांची होते. भागाकारही केलेला नाही. प्रत्यक्षात उपसूर्याला अंतर 14.71 कोटी किलोमीटर आणि अपसूर्याला 15.21 कोटी. फरक 50 लाख किलोमीटरचा, म्हणजे सुमारे 3.4 टक्के. प्रकाशाच्या भाषेत 8 मिनिटं 11 सेकंदांच्या जागी 8 मिनिटं 27 सेकंद. ऊन अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं, म्हणून अपसूर्याला ते उपसूर्यापेक्षा जेमतेम 7 टक्के कमी मिळतं. मेसेज खरा असता तर ते एक तृतीयांशावर आलं असतं.

‘पहाटे 5.27 ते 22 ऑगस्ट’

अपसूर्य हा ऋतू नाही, क्षण आहे. 2024 मध्ये तो 5 जुलैला सकाळी साडेदहाच्या सुमारास आला, 2025 मध्ये 4 जुलैला मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास, 2026 चा 6 जुलैला रात्री 11 च्या आसपास. तारीख अशी मागेपुढे होते, कारण एक तर लीप वर्षाचा हिशोब, आणि दुसरं म्हणजे चंद्र. पृथ्वी आणि चंद्र दोघं एका सामाईक केंद्राभोवती फिरतात, त्यामुळे पृथ्वी कक्षेत किंचित डुलत जाते. तो क्षण गेला की दुसऱ्या दिवसापासून अंतर कमीच व्हायला लागतं. 22 ऑगस्टला काहीही विशेष घडत नाही.

‘कधी नव्हे अशी थंडी’

अपसूर्य दरवर्षी येतो. तो थंडी आणत असता तर जुलैत स्वेटर काढावे लागले असते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असताना, पंखे लावावे लागले असते.

ऋतू ठरतात ते पृथ्वीच्या आसाच्या 23.4 अंशांच्या कलामुळे. पुण्याचं उदाहरण घ्या. जुलैच्या सुरुवातीला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 85 अंशांवर, जवळपास डोक्यावर असतो. जानेवारीच्या सुरुवातीला सुमारे 49 अंशांवर. तिरक्या उन्हामुळे जानेवारीत दुपारी तेवढ्याच जमिनीला 25 टक्के कमी ऊन मिळतं, शिवाय दिवस दोन तासांनी लहान. जवळ आल्याचा 7 टक्के फायदा त्यात बुडून जातो. मग मे महिन्यात 37-38 अंशांवर असलेलं पुण्याचं कमाल तापमान जुलैत 28 च्या आसपास का येतं? ढगांमुळे आणि पावसामुळे. त्यासाठी सूर्यापर्यंत जायची गरज नाही. सबंध पृथ्वीची सरासरी काढली तर जुलै जानेवारीपेक्षा उबदारच निघतो, कारण जमीन उत्तर गोलार्धात जास्त आहे आणि पाण्यापेक्षा ती लवकर तापते.

आजारांबद्दल एवढंच: पावसाळ्यात सर्दी-ताप वाढतो हे खरं, पण तो दमट हवा, बंद खोल्या, डास आणि दूषित पाण्यामुळे. ताप उतरत नसेल तर डॉक्टरांकडे जा.

‘दिसणार नाही, पण जाणवेल’

हे वाक्य बरोबर उलटं करून वाचा. अपसूर्य जाणवत नाही, पण दिसतो. फक्त मोजायला लागतो.

पहिला पुरावा भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे. सूर्यापासून लांब असताना पृथ्वी सावकाश चालते. म्हणून मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत 186 दिवस लागतात आणि तिथून परत मार्चपर्यंत 179. पंचांगकर्त्यांना ही चाल जुनीच ठाऊक आहे. सूर्य मिथुन राशीत साडेएकतीस दिवसांहून किंचित जास्त काढतो, धनू राशीत साडेएकोणतीसपेक्षाही कमी. चांद्रमास 29.53 दिवसांचा, त्यामुळे लांब सौरमासात (सूर्याच्या एका राशीतल्या मुक्कामात) दोन अमावास्या मावतात आणि अधिक मास येतो. 2023 चा अधिक श्रावण, 2026 चा अधिक ज्येष्ठ: दोन्ही संथ चालीच्या अर्ध्या वर्षातले. क्षयमास, म्हणजे पंचांगातून गळणारा महिना, मात्र हिवाळ्याकडे येतो.

दुसरा पुरावा कवडशात. आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेणाऱ्या मंडळांनी आणि शाळांनी हा उपक्रम जरूर करावा, खर्च जवळजवळ शून्य आहे.

साहित्य: 4-5 मिमी जाड काचेचा, तळहाताएवढा साधा आरसा, तो पूर्ण झाकेल असा काळा पुठ्ठा, त्याला मधोमध 5 मिमी व्यासाचं स्वच्छ गोल छिद्र, आरसा घट्ट धरणारा स्टँड, 20 मीटर लांब, अंधार करता येईल असा व्हरांडा किंवा सभागृह, स्टीलची मोजपट्टी, आणि 180 ते 192 मिमी व्यासाची वर्तुळं, 1 मिमीच्या फरकाने, एकेका ए-फोर कागदावर छापलेली.

आरसा उन्हात ठेवून कवडसा आतल्या पडद्यावर पाडा. छिद्र लहान आणि अंतर मोठं असल्यामुळे पडद्यावर दिसतं ते छिद्राचं नाही, सूर्याचं बिंब असतं. 20 मीटरवर ते उपसूर्याला सुमारे 189 मिमी भरतं, अपसूर्याला 183. मेसेजमधलं 9 कोटी किलोमीटर खरं असतं तर एरवी ते 310 मिमी दिसलं असतं आणि जुलैत आक्रसून 183 झालं असतं. एवढा फरक उघड्या डोळ्यांना कळला असता, मेसेजची गरजच पडली नसती.

6 मिमीचा फरक पकडायचा म्हणजे चुका कुठे होतात ते माहीत हवं. बिंबाची कड 5 मिमी रुंद धूसर पट्टा असते. त्या पट्ट्याच्या मध्यावर, जिथे उजेड निम्मा होतो, तिथे वर्तुळ जुळवा. छिद्र आणखी बारीक करून कड धारदार होईल असं वाटतं, पण 20 मीटरवर प्रकाशाचं विवर्तन, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना त्याचं पसरणं, आडवं येतं, वर बिंब अंधुकही होतं. बिंब थांबत नाही, दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतकं सरकतं. म्हणून पट्टीने आधी एक कड, मग दुसरी असं मोजू नका. वर्तुळाचा कागद पुठ्ठ्यावर लावून बिंबाबरोबर सरकवा आणि कोणतं वर्तुळ बसतं ते पाहा. पडदा 10 अंश तिरका झाला तर एका दिशेने व्यास जवळपास 3 मिमी ताणला जातो. बिंब लंबगोल दिसलं तर पडदा फिरवून ते गोल करा. तेही जमलं नाही तर लहान व्यास खरा धरा.

आरसा वाकडा असण्याची शक्यता असतेच. तो स्टँडवर 90 अंश फिरवा. बिंबाचा लंबगोलही बरोबर फिरला तर दोष आरशाचा, आरसा बदला. अंतर छिद्रापासून पडद्यापर्यंत मोजा. कापडी टेप झोल खाते, आणि 20 सेंटीमीटरची चूक म्हणजे 1 टक्का, म्हणजे बिंबात जवळपास 2 मिमी. बरोबर 20 मीटर मिळालं नाही तरी बिघडत नाही: व्यासाला अंतराने भागा. जानेवारीत 0.00946 आणि जुलैत 0.00915 च्या जवळ उत्तर यायला हवं. प्रत्येक वेळी दहा वाचनं घेऊन सरासरी काढा. सूर्य क्षितिजापासून 25-30 अंशांच्या वर असू द्या, खाली वातावरण बिंब चपटं करतं. सूर्याकडे आणि आरशाच्या छिद्राकडे कोणीही थेट पाहायचं नाही. मुलं पडद्याकडे तोंड करून उभी राहतील हे बघायला एक माणूस आरशापाशी ठेवा.

उरला जुलैतल्या ढगांचा प्रश्न. अपसूर्याच्या आसपास अंतर फार सावकाश बदलतं, म्हणून नेमकी तारीख गाठायची गरज नाही. 14 मेला 20 मीटरवर बिंब 184 मिमी भरतं, 25 मेला 183.7. पुण्यात 14 मेच्या सुमारास, मुंबईत 15-16 मेच्या, नागपुरात 26 मेच्या सुमारास शून्य सावलीसाठी, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येतो ते पाहायला, लोक जमतातच. पुण्यात सावली साडेबाराच्या सुमारास पायाखाली जाते, बाराच्या ठोक्याला नाही. ते आटोपलं की चार वाजता, ऊन कललं असताना आरसा लावा. माध्यान्हीला आरसा 45 अंश कलवावा लागतो आणि छिद्र तिरकं दिसून लंबगोल होतं.

सुरुवात जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात करा. जे वर्तुळ बसलं त्याच्या कागदावर तारीख, वेळ, अंतर आणि आरशाची कोणती कड वर होती हे लिहून ठेवा. मे महिन्यात तोच आरसा, तीच कड वर.