शंका आली तर फाउल, मग रिप्लेत शंका आली तर सुटका कशी?

कोलंबसला शनिवारी ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीची घरची अमेरिकन फुटबॉलची मॅच असली की लेन अव्हेन्यू आणि हाय स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या बुटक्या भिंतीवर आमचा मराठी कट्टा भरतोच, समोरून लाल जर्सीतली अख्खी जत्रा स्टेडियमकडे चाललेली असते आणि आम्ही थर्मासातला चहा ओतत भांडत असतो. परवा भांडण लागलं टार्गेटिंगवरून. ज्यांना कॉलेज फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी, हेल्मेटचा शेंडा पुढे करून कोणालाही धडक मारणं किंवा स्वतःला वाचवू न शकणाऱ्या खेळाडूच्या डोक्यावर-मानेवर जोरात आदळणं म्हणजे टार्गेटिंग. शिक्षा 15 यार्ड आणि खेळाडू मॅचबाहेर, आणि दुसऱ्या हाफमध्ये केलं तर पुढच्या मॅचचा पहिला हाफपण गेला.

बंड्याचं म्हणणं की हे आधीच जास्त आहे. "सीझनला मॅच 12, पोरं वीस-एकवीस वर्षांची, अर्ध्या सेकंदात सगळं घडतं आणि तुम्ही त्याला स्लो मोशनमध्ये बघून फाशी देता. 2019 चा फिएस्टा बोल आठव ना, सीझनच्या शेवटची ती मोठी मॅच, आपण 16-0 पुढे होतो, शॉन वेडने क्लेमसनच्या ट्रेव्हर लॉरेन्सला पाडलं, लॉरेन्स स्वतःच खाली वाकला होता, आणि वेड बाहेर. तिथून मॅच फिरली, 29-23 हरलो."

यावर काका, जे आमच्यात सगळ्यात जुने आणि कट्टर बकाय (म्हणजे ओहायो स्टेटवाले), ते म्हणाले, "अरे वेडने मान खाली घातली होती, ते दिसतंय व्हिडिओत. आपला पोरगा आहे म्हणून काय डोळे मिटायचे?"

बंड्या काही बोलायच्या आत डॉक्टर सुरू झाला (फिजिओ आहे तो, आम्ही डॉक्टर म्हणतो). म्हणे समोरचा किती वाकला हा मुद्दाच नाही, तुझी नजर कुठे आहे हा मुद्दा आहे. मान ताठ, नजर वर असेल तर मानेचा नैसर्गिक बाक धक्का खातो. डोकं खाली घातलंस की मणके एका सरळ रेषेत येतात आणि सगळा जोर त्यांच्यावरच जातो. 2010 साली रटगर्सचा एरिक लेग्रँड आर्मीच्या विरुद्ध किकऑफवर टॅकल करायला गेला आणि मानेखाली लुळा पडला, म्हणजे धडक मारणारा तोच होता. "तू म्हणतोस पोरांना फाशी, मी म्हणतो हा नियम मारणाऱ्यालाही वाचवतो. 1976 मध्ये डोक्याने भाला मारल्यासारखं टॅकल करणं बंद केलं, त्या वर्षी फुटबॉलमध्ये मान मोडून हातपाय कायमचे गेलेल्या 34 केसेस होत्या, 1984 मध्ये 5. पोरं बदलली नाहीत, नियम बदलला."

हे ऐकून बंड्या जरा थांबला, कारण आकड्यापुढे काय बोलणार.

पण माझी तक्रार वेगळीच आहे आणि ती मी तिथे जीव तोडून मांडली. नियमाच्या पुस्तकात सरळ लिहिलंय की शंका असेल तर फाउल द्या. छान. पण 2019 पासून रिप्लेवाल्याला फाउलची एकूण एक अट व्हिडिओत पक्की दिसली पाहिजे, एक जरी दिसली नाही तर सगळंच रद्द, आधीसारखं "मैदानावरचा निर्णय कायम" असं म्हणायची सोयच काढून टाकली. म्हणजे मैदानावर शंकेचा फायदा मार खाणाऱ्याला आणि वर खोलीत बसलेल्या माणसाकडे गेलं की मारणाऱ्याला!

31 डिसेंबर 2022, अटलांटाचा पीच बोल. आपण 35-24 पुढे, तिसऱ्या क्वार्टरचा शेवट, मार्व्हिन हॅरिसन ज्युनिअर एंड झोनच्या (जिथे बॉल पकडला की टचडाउन) मागच्या टोकाला बॉलसाठी उडी मारतो आणि जॉर्जियाचा जॅव्हॉन बुलार्ड येऊन त्याच्यावर आदळतो. रेफरीचा फाउलचा फ्लॅग पडला. हॅरिसन कन्कशनने (डोक्याला धक्का बसून मेंदूला मार) बाहेर, परत आलाच नाही. रिप्लेत बघितलं आणि फ्लॅग उचलला, टार्गेटिंग नाही. 15 यार्डही गेले, आपल्याला फील्ड गोलवर (किक मारून मिळणारे 3 पॉइंट) भागवावं लागलं आणि शेवटी 42-41 ने हरलो. हरल्याचं मी सोडून देतो, पण ज्याचं डोकं गरगरलं त्याच्या टीमला शून्य आणि ज्याने धडक दिली त्याला काहीच नाही, हे कुठल्या न्यायात बसतं? पुन्हा 1 जानेवारी 2025 ला तिथेच, टेक्सासच्या मायकल टाफने ॲरिझोना स्टेटच्या मेलक्वान स्टोव्हलला धडक दिली, 24-24 बरोबरी, शेवटची मिनिटं, रिप्ले बघितला आणि काही नाही.

माझं मत, रेफरी कचरतात कारण शिक्षा एकच आणि ती मोठी. दोन पायऱ्या करा. डोक्याला मार लागला की 15 यार्ड, रिप्लेने ते काढायचेच नाहीत. आणि शेंडा घालून किंवा उडी घेऊन मारलं तर बाहेर. हे काही नवीन नाही, 2013 ला बाहेर काढायची शिक्षा आली तेव्हा रिप्लेने खेळाडूला परत आत घेतलं तरी 15 यार्ड राहायचे. लोक ओरडले म्हणून 2014 ला ते काढलं, माझ्या मते तिथेच चुकलं.

बंड्या लगेच म्हणाला की मग सगळेच रेफरी छोटी पायरी निवडतील, मोठी कोणाला मिळणारच नाही. हा मुद्दा खरा आहे, मला त्यावर पक्कं उत्तर नाही, एवढंच की दुसऱ्यांदा केलं की आपोआप पुढची अख्खी मॅच बंद असं ठेवता येईल (आत्ता तिसऱ्यांदा केल्यावर तसं आहे).

मनी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "तुम्ही टीव्हीवर दिसणाऱ्या धडकांवर भांडताय. बोस्टन युनिव्हर्सिटीने 2023 ला तिशीच्या आत गेलेल्या 152 खेळाडूंचे मेंदू तपासले, 63 जणांना सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार होता. घरच्यांना शंका होती म्हणूनच ते मेंदू आले, त्यामुळे सगळ्या खेळाडूंना तो हिशोब लावू नका, पण हे एका मोठ्या धडकेने होत नाही, वर्षानुवर्षं प्रॅक्टिसला डोकं आपटून होतं. आयव्ही लीगने (हार्वर्ड, येल वगैरे युनिव्हर्सिट्यांची लीग) 2016 लाच सीझनमधल्या प्रॅक्टिसला पूर्ण टॅकल बंद केलं, बाकीच्यांना कोणी अडवलंय? पोराला शिक्षा करता, कोचला कधी करणार?"

यावर कोणाचंच दुमत नव्हतं, काका तर म्हणाले टार्गेटिंग झालं की कोचचा पगार कापा, ते लाखो डॉलर घेतात.

बंड्या मात्र शेवटपर्यंत अडून, "बरं काका, नोव्हेंबरात आपल्या कट्टर वैरी मिशिगनच्या आधीच्या मॅचला दुसऱ्या हाफमध्ये आपल्या माणसाने केलं, म्हणजे मिशिगनचा पहिला हाफ तो बाहेर. चालेल तुम्हाला?"

"चालेल."

"मला नाही चालणार," बंड्या म्हणाला, आणि मग परत वेडवरून सुरू झालं.